वच्छलामायची धुरी

निखाऱ्यावर ओवा पडल्याचा वास आला की मला आधी दोन हात दिसतात, मग त्या हातांमागची बाई दिसते. उजव्या हातावर कोपरापर्यंत लव म्हणून नव्हती. शेगडीवर धरून धरून ती जळाली होती आणि पुन्हा उगवायचा नाद तिनं सोडला होता. बोटांची टोकं काळपट, कितीही घासली तरी तशीच. खामगावात आमच्या कापसाच्या जिनिंगमागच्या गल्लीतलं जवळजवळ प्रत्येक लेकरू या हातांवरून गेलेलं आहे. माझाही मुलगा गेला. अजूनही सकाळी शाळेत शिकवायला निघाले आणि कुणाच्या बंद खिडकीच्या फटीतून तो वास आला की मी चालता चालता थांबते.

वच्छलामाय बाळंतिणींना आणि त्यांच्या लेकरांना न्हाऊ घालायची. सकाळी डोक्यावर घमेलं घेऊन यायची, घमेल्यात तिची स्वतःची शेगडी. दुसऱ्याची शेगडी तिला चालत नसे. "दुसऱ्याची शेगडी नुसता धूर देते, कामाचा धूर देत नाई," असं तिचं म्हणणं. कमरेला कापडी पिशवी, तिच्यात ओवा, शेपा, वावडिंग आणि लसणाची सालपटं. या सालपटांपायी तिनं सगळी गल्ली कामाला लावली होती. लसूण सोलला की सालं फेकायची नाहीत, वच्छलामायसाठी डब्यात ठेवायची. कुणी फेकलेली दिसली तर ती दारातूनच विचारी, "काऊन वं, लेकरं होनं बंद झालं का तुमच्या घरी?" यावर कुणाची काय बोलायची टाप होती.

प्रत्येक नव्या जिवाला ती पावना म्हणायची, मुलगी असली तरी पावनाच. "काय म्हंते पावना?" म्हणत आत शिरायची. लेकराच्या रूपाचं कौतुक तिनं कधी केलं नाही आणि दुसऱ्यालाही करू दिलं नाही. माझी नणंद एकदा म्हणाली, नाक कसं आजोबांवर गेलंय बघा. वच्छलामाय म्हणाली, "नाकाचं काय घेऊन बसली, छाती पाह्य." तिचं सगळं लक्ष छातीकडे. आंघोळीआधी लेकराला पालथं करून उघड्या पाठीला कान लावायची, डोळे मिटायची आणि स्वतःचा श्वास रोखून धरायची. श्वास कशाला रोखायचा, असं मी विचारलं तर म्हणाली, "आपला श्वास आडवा येते. त्याचा आयकू येत नाई."

आंघोळ झाली की धुरी. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, दाराला गोधडी लावायची, वाऱ्याला आत यायला जागा ठेवायची नाही. निखाऱ्यावर चिमूट सोडायची आणि लेकराला दोन्ही तळव्यांवर आडवं घेऊन त्या धुरावर धरायचं. मग ती वाट बघायची. कशाची, ते मला आधी कळलं नव्हतं. ती लेकराच्या खोकल्याची वाट बघायची. लेकरू खोकलं की तिचा चेहरा उजळायचा. "खोकललं. झालं, मोकळं झालं." लेकरू खोकलं नाही तोवर ती चहाच्या कपाला हात लावत नसे. तिच्या हिशेबानं खोकला म्हणजे आतला कफ बाहेर निघाल्याची खूण, आणि ज्या लेकराला धुरीत खोकला येत नाही त्याचा कफ आत धरून बसलेला.

मला आई नव्हती, म्हणून माझं बाळंतपण सासरीच झालं. धुरीच्या वेळी आमचे हे एकदा खोलीत आले आणि डोळे पुसतच बाहेर पडले. म्हणाले, "माय, आम्हालाच श्वास घेता येईना, मग लेकराचं काय?" वच्छलामाय वर न बघता म्हणाली, "तुमी आता पिकले भाऊ. तुमचा कफ काई निंगत नाई. बाहीर बसा." हे खरोखरच बाहेर जाऊन बसले. सासूबाई दिवसभर ते सांगून सांगून हसत होत्या.

आता हे लिहिताना वाटतं, तिला हसणं आणि तिला घाबरणं यापलीकडे गल्लीत कुणी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं ते एका दुपारी. ती आमच्या ओट्यावर सालपटं निवडत बसली होती आणि मी वह्या तपासत होते. मी सहज विचारलं, हे काम कुणाकडून शिकलीस? तिनं हातातली सालपटं खाली ठेवली. मग म्हणाली, "कोनाकडूनच नाई. माह्या पहिल्या पोरापायी शिकली."

तिचं सासर धामणगाव बढ्याचं. पहिला मुलगा झाला तेव्हा पावसाची झड लागलेली, सरपण आणि गोवऱ्या ओल्या. धुरी काही दिवस चुकली. लेकराची छाती भरली, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या आणि दवाखान्यापर्यंत नेईतो ते राहिलं नाही. सासू म्हणाली, तुनं धुरी चुकवली. "तवापासून मी कोन्याच लेकराची चुकू नाई देल्ली," वच्छलामाय म्हणाली आणि पुन्हा सालपटं निवडायला लागली. त्या दिवसापासून तिच्या चिंध्या आणि गोधड्यांना मी हसू शकले नाही. ती पोटासाठी हे काम करत होती हे खरं, पण आपल्या मनाशी ती लेकरांच्या छातीवर पहारा देत होती.

तिची एकच मुलगी जगली, ज्योती. ती जानेफळला दिलेली. जावई गजानन, त्याचं खताबियाण्यांचं दुकान. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे वच्छलामायच्या एका खिडकीच्या खोलीत. हिवाळ्याचे दिवस, जिनिंग जोरात चालू. त्या दिवसांत आमच्याकडे रुईचे बारीक तंतू हवेत असतात, खिडकीच्या चौकटीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, कधी वरणात. वच्छलामायनं ती एकुलती खिडकी पक्की बंद केली आणि नातीला सकाळ-संध्याकाळ दोन वेळा धुरी सुरू केली. बाहेरच्या लेकरांना एक वेळ, घरच्या पावन्याला दोन वेळा. बाळंतिणीच्या बाजेखाली शेकाची शेगडी होतीच. मी बघायला गेले तेव्हा ज्योतीचे डोळे लाल झालेले आणि भिंती धुरानं पिवळ्या पडलेल्या. ती इवलीशी मुलगी आरू आजीच्या तळव्यांवर खोकत होती. नळावर पाणी भरताना वच्छलामाय बायांना सांगायची, "माही नात पहिल्याच दिसापासून खोकलते. लय हुशार हाय." बायाही माना डोलवायच्या.

आरू चालायला लागली त्या हिवाळ्यात तिचा श्वास पहिल्यांदा अडला. माहेरी आली होती. गजानन दुकानात अडकलेला, म्हणून ज्योतीनं मला सोबत बोलावलं आणि आम्ही दोघी आणि वच्छलामाय लेकराला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आरूचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते आणि गळ्याखाली खळगा पडत होता. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. तोंडावर वाफेचा मुखवटा लावला, हळूहळू खांदे खाली आले, आणि मग डॉक्टरीणबाईंनी विचारायला सुरुवात केली. घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का? चूल आहे का? लहानपणी धुरी दिली होती का?

वच्छलामाय पुढे सरकली. एवढ्या वेळात तिला उत्तर देता येईल असा हा पहिलाच प्रश्न होता. "देल्ली ना. सव्वा महिना, दोन टाइम. एक दिवस नाई चुकला डाक्टरीनबाई. दार, खिडकी सारं बंद. वारा म्हनून लागू नाई देल्ला." ओवा किती, वावडिंग किती, लसणाची सालं कुठून आणली, सगळं सांगितलं. शाळेत पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखा तिचा चेहरा झाला होता. मला मध्ये बोलायची सोय नव्हती.

"धुरीत खोकायची का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खोकलायची ना, बम खोकलायची. मोकळी होऊ होऊ."

 डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "आजी, एवढ्याशा लेकराला उठून जाता येत नाही, तोंड फिरवता येत नाही. त्याला फक्त खोकता येतं. धूर नको म्हणून ते खोकतं."

वाफेचं मशीन घुरघुरत होतं. वच्छलामायनं ज्योतीकडे पाहिलं, मग आरूकडे. "मंग हे माह्या धुरीनं झालं का?"

"असं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. वडिलांच्या घरी कुणाला दमा आहे?"

"सासूबाईले हाय," ज्योती म्हणाली.

"मग तेही असेल. जिनिंगची धूळ असेल. पण धुरानं कोवळी छाती दुखावते, हे खरं. पुढच्या लेकराजवळ धूर नको. धुरी नाही, विडी नाही, उदबत्तीसुद्धा नाही. अंगावरचं दूध द्या आणि खिडकी उघडी ठेवा."

"खिडकी उघडली त रुई येते, बंद केली त धूर ऱ्हाते," वच्छलामाय म्हणाली. "माह्या घराले एकच खिडकी हाय. लेकरानं श्वास कुठचा घ्यावा?"  मग तिनं पुन्हा तेच विचारलं, "पन माह्यानं झालं का हे?"

"ते सांगता येणार नाही आजी."

मला वाटतं, हो म्हटलं असतं तर ती रडली असती आणि कधीतरी उठली असती. नाही म्हटलं असतं तर सुटली असती. डॉक्टरीणबाई खरं तेच बोलल्या, आणि त्या खऱ्या बोलण्यानं वच्छलामाय मधेच लटकली ती शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून तिनं शेगडी नेणं बंद केलं. लोकांनी आधी थट्टा केली, मग कुरकुर, मग बोलावणं बंद. धुरी नाही तर नुसत्या आंघोळीला बाई कशाला, असं सासवांचं म्हणणं. रेल्वे लायनीपलीकडून दुसरी एक बाई यायला लागली, तिची शेगडी वच्छलामायच्या शेगडीपेक्षा मोठी होती.

रिकामी झाली तशी वच्छलामायला वेगळाच नाद लागला. तिनं न्हाऊ घातलेली माणसं ती शोधत फिरायला लागली. बाजारात कांदे विकणारा दत्ता हा तिच्या हातचा. गिऱ्हाईक भाव करत उभं असताना ही मागून गेली आणि त्याच्या घामेजलेल्या पाठीला कान लावला.

"काय करून राह्यली माय?" दत्ता दचकला.

"उगा राह्य. श्वास घे. आता सोड."

दत्तानं श्वास घेतला, सोडला, वर कांद्याचं पोतं उचलून दाखवलं. "पाह्य, बैलासारखा हाय मी." गिऱ्हाइकं हसली. वच्छलामाय हसली नाही. ती पुढच्या दुकानाकडे गेली. माझा मुलगा सुटीत घरी आला तेव्हा तिनं त्यालाही दारातच थांबवलं. तो बिचारा सदरा वर करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिनं डोळे मिटून, स्वतःचा श्वास धरून ऐकलं. "याचा मोकळा हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मास्तरीन, याचा मोकळा हाय त आरूचाच काऊन नाई?" 

शिंप्याची मुलगीही तिच्याच हातची, पण तिचा श्वास मोकळा नव्हता. तिला लहानपणापासून त्रास होता. लग्नाला अडचण नको म्हणून घरच्यांनी तिचा दम्याचा पंप तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलेला. वच्छलामायनं पाठीला कान लावल्यावर त्या पोरीनं आपण होऊन सांगितलं. त्या दिवशी वच्छलामाय जेवली नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाली, "दत्ता एका अंगाले ठेवला, शिंप्याची पोरगी एका अंगाले. कोनाचं खरं धरू?"

त्याच सुमारास समोरच्या निर्मलाबाईच्या सुनेला मुलगा झाला. निर्मलाबाईचे दोन्ही मुलगे वच्छलामायच्याच हातावर वाढलेले. एका सकाळी मी शाळेला निघाले तर वच्छलामाय त्यांचं दार थापटत होती. दाराच्या फटीतून धूर येत होता आणि आतून लेकराच्या खोकल्याचा आवाज.

"निर्मला, दार उघड. लेकरू खोकलून राह्यलं, आयकू नाई येत का?"

निर्मलाबाईनं दार उघडलं. ती काही वाईट बाई नव्हती. "खोकलू द्या ना माय. तुमीच त सांगत होत्या, खोकलल्याबिगर मोकळं होत नाई."

"मी चुकीचं सांगत होती."

"तुमी चुकीच्या असत्या त माह्ये दोन्ही पोट्टे असे धडधाकट असते का?" निर्मलाबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं. तेही हळूच लावलं, म्हातारीच्या मानापायी. वच्छलामाय तिथंच ओट्यावर बसली आणि खोकला थांबेपर्यंत उठली नाही. त्यानंतर ती रोजच सकाळी त्या ओट्यावर येऊन बसायची. कुणाला काही बोलत नसे. निर्मलाबाईच्या सुनेनं पुढं सासूची पाठ वळली की खिडकी उघडायला सुरुवात केली, एवढं एक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग ज्योतीला पुन्हा दिवस गेले. वच्छलामायच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. हे बाळंतपण आपल्या घरी, धुराशिवाय करायचं, एवढंच तिला हवं होतं. एका लेकराचं तरी आपल्या हातून नीट व्हावं, असं ती मला स्पष्ट म्हणाली. शेगडी भंगारवाल्याला दिली. चूल मोडून गॅस घेतला. आढ्याची काजळी घासून काढली, भिंतींना चुना दिला, गोधड्या धुऊन कडक उन्हात टाकल्या. एवढं करूनही दमट दिवशी भिंती ओव्याचा वास सोडत. ती मला बोलावून न्यायची. "तुह्यं नाक चांगलं हाय मास्तरीन. येते का?" मी म्हणायची, थोडा येतो. ती पुन्हा चुना कालवायची.

एका दुपारी तिनं मला जावयाला फोन लावायला सांगितला. ज्योतीला कधी पाठवता, एवढंच विचारायचं होतं. गजानन आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आई, राग नका मानू. ज्योती अठी जानेफळलेच राहीन या टायमाले. डाक्टरनं सांग्तलं, त्या खोलीत नको. माही मावशी येनार हाय करायले."

"बरोबर हाय जावईबापू," वच्छलामाय म्हणाली. "बरोबर हाय." फोन बंद झाल्यावरही तिनं तो काही वेळ कानाला धरून ठेवला. मग माझ्या हातात दिला आणि त्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत जाऊन बसली. सगळ्या गल्लीची लेकरं जिच्या हातावर वाढली, तिला आपल्या नातवंडाच्या पहिल्या आंघोळीला बोलावणं नव्हतं. मला गजाननचा राग आला, आणि त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, हेही मला तेव्हाच कळत होतं.

मुलगा झाला. सव्वा महिना उलटल्यावर वच्छलामाय म्हणाली, चाल माह्यासंगं, लांबून पाहू. आम्ही मेहकरच्या गाडीत बसलो. तिचं नवं कोरं लुगडं, खोलीचा वास लागू नये म्हणून कपाटात न ठेवता दुकानातून आणलं तसंच नेसलेलं. केस शिकेकाईनं धुतलेले, हात लिंबानं घासून घासून लाल केलेले. तिनं खिडकीची जागा घेतली आणि वाटभर दोन्ही हात गजांमधून बाहेर वाऱ्यात धरून बसली. कंडक्टर एकदा ओरडला, तेव्हा आत घेतले. तो पुढं गेला की पुन्हा बाहेर.

जानेफळला घर मोठं, हवेशीर, पडवीला तीन बाजूंनी वारा. ज्योती लेकराला घेऊन बाहेर आली. आईकडे पाहून तिचे डोळे भरले. "घे ना माय," ती म्हणाली आणि लेकरू पुढं केलं.

वच्छलामायचे हात आपोआप पुढं झाले, तळवे वर, ते लेकराखाली धरायचे तसेच. मग ते मध्येच थांबले. तिनं उजवा तळवा नाकाशी नेला. "मास्तरीन, वास येते का?"

"नाही गं माय," मी म्हणाले. खरंच येत नव्हता, लिंबाचाच येत होता. तिचा विश्वास बसला नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि पदराखाली एकमेकांत घट्ट धरले. "तूच धर त्याले," ती ज्योतीला म्हणाली. "पाठ इकडं कर."

ज्योतीनं लेकराला खांद्यावर घेऊन पाठ फिरवली. वच्छलामाय वाकली. अंगाला अंग लागणार नाही अशी, फक्त कान टेकवला. डोळे मिटले, ओठ आवळले, श्वास रोखला. पडवीत कुणी हललं नाही. मी तिचा चेहरा पाहत होते आणि तो हळूहळू सैल होत गेला, कितीतरी दिवसांनी. आत काही वाजत नव्हतं.

तेवढ्यात घरातून आरू आली. आजीला पाहून धावत आली आणि मागून तिच्या पाठीशी बांधलेल्या हातांमधलं एक बोट तिनं धरलं. वच्छलामायनं वळून पाहिलं नाही, कान तसाच लावलेला होता. पण तिची मूठ त्या इवल्या हातावर मिटली. मला वाटलं, आता ती रडणार.

आरू धावत आल्यामुळे धापा टाकत होती. ती खोकली. एकदा, मग पुन्हा.

वच्छलामायची मूठ उघडली आणि तिनं तो हात आरूपासून दूर, पुन्हा पदराखाली ओढून घेतला.